पॉल आणि पलादिया : हिप्पोमधल्या एका चमत्काराचे कागद

ईस्टरनंतरचा मंगळवार. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरातलं चर्च खचाखच भरलेलं. बिशपच्या आसनाकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर एक भाऊ आणि एक बहीण सगळ्यांना दिसतील असे उभे आहेत. भाऊ शांत, सरळ, हातपाय स्थिर. बहीण मात्र नखशिखांत लटलटा कापते आहे. कुणीतरी एक कागद मोठ्याने वाचतो आहे, आणि लोकांच्या नजरा भावावरून बहिणीवर, बहिणीवरून पुन्हा भावावर फिरताहेत. दोनच दिवसांपूर्वी भाऊही असाच कापत होता.

त्यांना असं शेजारी शेजारी उभं करायची कल्पना बिशपची, म्हणजे संत ऑगस्टीनची. ज्यांनी भावाला आधी पाहिलं नव्हतं, त्यांनी बहिणीकडे पाहून ओळखावं की याच्या अंगातून काय गेलं. एकाकडे पाहून आभार मानावेत, दुसरीकडे पाहून प्रार्थना करावी. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारी लावतात ना, तसंच हे. फक्त इथे फोटोंच्या जागी जिवंत माणसं होती.

आद्य ख्रिस्ती काळात प्रार्थनेने, अवशेषांना स्पर्श करून किंवा बाप्तिस्म्याने बरं झाल्याच्या हकिकती शेकड्यांनी सापडतात. बहुतेक दोन-तीन ओळींच्या. आंधळा होता, दिसू लागलं, देवाची स्तुती झाली. पॉल आणि पलादिया या भावंडांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिची जवळजवळ पूर्ण फाईल आपल्या हातात आहे. रुग्णाने स्वतः दिलेलं निवेदन आहे. त्या आठवड्यात ऑगस्टीनने रोज केलेली प्रवचनं आहेत, लघुलेखकांनी जागच्या जागी टिपलेली. शिवाय 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या शेवटच्या, बाविसाव्या खंडात त्याने थोड्याच काळात लिहिलेला वृत्तांत आहे. साल ४२५ की ४२६, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एवढे कागद असले की प्रकरण नीट तपासता येतं. आणि तपासायला बसलं की लक्षात येतं की हे कागद आपोआप उरलेले नाहीत. ते तयार व्हावेत म्हणून एका माणसाने हट्ट धरला होता.

जागा आणि माती

हिप्पो रेजियस म्हणजे आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा. बंदराचं शहर. ऑगस्टीन इथे तीस वर्षं बिशप होता आणि या वेळी सत्तरीत होता.

त्या काळचा आजार बरा करणारा संत म्हणजे स्तेफन, पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव देणारा. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात त्याला दगडांनी ठेचून मारल्याचं वर्णन आहे. त्याचं शरीर कुठे पुरलं हे जवळजवळ चारशे वर्षं कुणाला माहीत नव्हतं. ४१५ साली जेरुसलेमजवळच्या काफर गमला गावातल्या लुसियन नावाच्या धर्मगुरूने जाहीर केलं की स्वप्नात खूण मिळाली आणि कबर सापडली. पुढच्याच वर्षी ओरोसियस नावाचा तरुण धर्मगुरू त्यातला काही भाग घेऊन पश्चिमेकडे निघाला. दहा वर्षांच्या आत मिनोर्का बेटावर, आफ्रिकेत उझालिस, कालामा आणि शेवटी हिप्पोमध्ये स्तेफनची स्मारकं उभी राहिली.

हिप्पोतलं स्मारक हेराक्लियस नावाच्या डीकनने, म्हणजे धर्मगुरूंच्या हाताखालच्या सेवकाने, स्वतःच्या खर्चाने बांधलं. चर्चला लागून एक खोली, तिच्यात अवशेष, पुढे कठडा. अवशेष म्हणजे काय, तर चिमूटभर धूळ. ऑगस्टीनने ते लपवलं नाही. एवढ्याशा धुळीने एवढी माणसं गोळा केली, राख दिसत नाही पण तिचे उपकार दिसतात, असं तो प्रवचनात उघड म्हणतो. खोलीत त्याने चार ओळींचं पद्य लिहून घेतलं आणि लोकांना सांगितलं की हे वाचा, मनात ठेवा, वेगळं पुस्तक शोधायला नको, ही खोलीच तुमचं पुस्तक. त्या पद्याचा रोख एवढाच की जे मिळतं ते देवाकडून मिळतं, स्तेफन फक्त मागणारा. आम्ही इथे स्तेफनसाठी वेदी बांधलेली नाही, स्तेफनच्या अवशेषांवर देवाची वेदी बांधली आहे, हेही त्याने स्पष्ट करून ठेवलं होतं. लोकांना हा फरक किती कळत होता, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. नवस बोलणाऱ्याला पत्त्याची चिंता असते, टपालखात्याच्या रचनेची नाही.

ज्याने आधी नाही म्हटलं होतं

चमत्कार दिसला की हात जोडणारा माणूस ऑगस्टीन नव्हता. ३९० च्या सुमारास त्याने लिहून ठेवलं होतं की प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळचे दृश्य चमत्कार आता चालू राहू दिलेले नाहीत. नाहीतर माणसाला सवय लागेल, मन नेहमी दिसणाऱ्या गोष्टीच मागत राहील. चारशे सालाच्या आसपास त्याने गावोगाव भटकणाऱ्या ढोंगी साधूंची टर उडवली, आणि त्यांच्यात रक्तसाक्ष्यांचे अवयव विकणारे आहेत (ते खरोखर रक्तसाक्ष्यांचे असतील तर, अशी त्याची पुस्ती) असंही म्हटलं. बाजार होताच. ३८६ साली सम्राटाला कायदाच करावा लागला होता की रक्तसाक्ष्याचं शरीर कुणी हलवू नये, विकू नये.

त्याच ३८६ साली मिलानमध्ये बिशप अँब्रोसने गेर्वासियस आणि प्रोतासियस या रक्तसाक्ष्यांचे अवशेष शोधून काढले, आणि तिथे एका आंधळ्याला दृष्टी आली. ऑगस्टीन तेव्हा मिलानमध्येच होता. म्हणजे हे माहीत असूनही त्याने चार वर्षांनी 'आता चालू नाहीत' असं लिहिलं. म्हातारपणी, ४२७ च्या सुमारास, आपल्या सगळ्या पुस्तकांची उजळणी करताना त्याने हे वाक्य पकडलं आणि दुरुस्त केलं. प्रेषितांच्या काळी होते तसे सगळे आता होत नाहीत एवढंच मला म्हणायचं होतं, मिलानचा आंधळा मला ठाऊक होता, असा त्याचा खुलासा आहे. खुलासा थोडा ओढूनताणून आहे, पण स्वतःच्या जुन्या वाक्याला असं हात घालणारे लेखक कितीसे असतात?

मधल्या काळात त्याचं मत का पालटलं याची उत्तरं बरीच दिली जातात. मला सगळ्यांत पटते ती एका बाईची हकीकत, त्याने स्वतःच सांगितलेली. कार्थेजमधली इनोसेन्शिया, मोठ्या घरची. तिच्या स्तनात कर्करोग. डॉक्टर घरोब्याचा होता. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की यावर इलाज नाही, हिप्पोक्रेटिसचंही मत असंच, औषधं देऊन उगाच हाल वाढवू नयेत. ईस्टर जवळ आला तेव्हा तिला स्वप्नात सूचना झाली की बाप्तिस्मा घेऊन जी बाई पहिली बाहेर येईल तिच्याकडून त्या जागी क्रुसाची खूण करून घे. तिने केली आणि ती बरी झाली. डॉक्टरने तपासलं, गाठ नाही. कशाने बरं झालं, त्याने विचारलं. त्याला वाटलं असेल एखादं नवं औषध. तिने सांगितल्यावर तो सभ्यपणे, पण तुच्छ लेखल्यासारख्या सुरात म्हणाला, मला वाटलं तुम्ही काहीतरी मोठं सांगाल! ती दचकलेली पाहून त्याने पुढे जोडलं की ज्या ख्रिस्ताने चार दिवसांच्या मेलेल्याला उठवलं, त्याने एक गाठ बरी केली यात नवल काय.

हे ऐकून ऑगस्टीन संतापला. डॉक्टरवर नाही, बाईवर. एवढं घडलं आणि तू गप्प बसलीस? ती म्हणाली, मी गप्प बसले नाही. मग त्याने तिच्या जवळच्या मैत्रिणींना विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. त्याने त्यांच्यासमोर तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि त्या थक्क होऊन ऐकत राहिल्या.

त्याची तक्रार नेमकी इथे आहे. शुभवर्तमानातले चमत्कार जगभर वाचले जातात, म्हणून ते सगळ्यांना पाठ. आजचे चमत्कार ज्या गावात घडतात त्या गावातही निम्म्यांना कळत नाहीत, कळले तरी एकदा ऐकून लोक विसरतात. म्हणून त्याने पद्धत घालून दिली. बरं झालेल्याने निवेदन लिहून द्यायचं, लॅटिनमध्ये त्याला 'लिबेल्लस' म्हणत, म्हणजे छोटा कागद किंवा अर्ज. ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचायचं, शक्य असेल तर तो माणूस तिथे उभा हवा, आणि मग कागद जपून ठेवायचा. हिप्पोत स्मारक होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात जवळजवळ सत्तर कागद जमले होते. कालामामध्ये स्मारक आधीचं, तिथे याहून कितीतरी जास्त.

त्या सत्तरांतला जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोहोचला तो पॉलचा.

आईचा शाप

निवेदनात पॉल सांगतो ते असं. आम्ही कप्पादोकियातल्या कैसरियाचे (आज तुर्कस्तानात). दहा भावंडं, सात भाऊ आणि तीन बहिणी. मी सहावा, पलादिया माझ्या पाठची. वडील वारले. थोरल्या भावाने आईचा पाणउतारा केला, इतका की तिच्यावर हात टाकला. आम्ही बाकीचे सगळे तिथे होतो आणि आम्ही गप्प बसलो. एका शब्दानेही त्याला विचारलं नाही की तू हे काय करतोस.

आईने ठरवलं की थोरल्याला शाप द्यायचा. पहाटे कोंबडा आरवायच्या वेळी ती बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे निघाली. वाटेत तिला तिचा दीर भेटला, म्हणजे दिराचं रूप घेतलेला सैतान. कुठे निघालीस? तिने सांगितलं. तो म्हणाला, एकालाच का? तुझा अपमान होताना बाकीचे बघत राहिले, सगळ्यांना दे. ती आणखी भडकली. कुंडापाशी जाऊन तिने केस मोकळे सोडले, छाती उघडी केली, कुंड धरलं आणि मागणं मागितलं की माझी मुलं घरादाराला मुकून परक्या मुलखांत भटकोत, आणि त्यांना पाहून सगळ्या जगाला दहशत बसो.

लगेच थोरल्याच्या अंगात कापरं भरलं. वर्षाच्या आत, जन्माच्या क्रमाने, एकेक करून दहाही. आपला शब्द असा खरा झालेला पाहून आईला ते सहन झालं नाही. लोकांचे बोल आणि स्वतःचं मन, दोन्हींनी तिला घेरलं, आणि तिने गळफास लावून घेतला.

मराठी वाचकाला इथे भाषांतराची गरज पडू नये. तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते, हे ऐकत आपण वाढलो. तळतळाट लागतो, आईचा तर लागतोच, हे न मानणारासुद्धा आईला दुखवल्यावर दोन दिवस अस्वस्थ असतो. फरक एवढाच की कैसरियाच्या या बाईने शाप द्यायला जागा निवडली ती बाप्तिस्म्याचं कुंड. जिथे माणूस नव्याने जन्मतो असं तिचं चर्च शिकवत होतं, तिथेच तिने पोटच्या पोरांचा जन्म उलटा फिरवला. छाती उघडी करणं हेही उगाच नाही. तुम्हाला पाजलेलं दूध मी परत मागते, असं ते आहे.

कागदातली सगळ्यांत अवघड जागाही हीच. पहाटे, एकटी बाई, वाटेत भेटलेला 'दीर'. तो सैतान होता हे पॉलला कुणी सांगितलं? आई परत आल्यावर दिराचं नाव घेऊन काही बोलली असेल, दीर म्हणाला असेल की मी तर घरीच होतो, आणि मग कुटुंबाने अर्थ लावला असेल. किंवा दीरच असेल, खराखुरा, आणि त्याने आगीत तेल ओतलं असेल. सैतानाच्या अंगावर ढकलल्याने घरातल्या एका माणसाची सुटका होत होती. भाऊबंदकी पाहिलेल्या कुणालाही ही शंका येईल.

लाजेपोटी भावंडांनी गाव सोडलं. निवेदनानुसार दुसरा भाऊ इटलीत रावेन्ना इथे संत लॉरेन्सच्या नव्या स्मारकात बरा झाला. पॉल आणि पलादिया जोडीने फिरत राहिले. जिथे चमत्कार होतात असं कळायचं तिथे जायचे. इटलीत अंकोनाला गेले, तिथे स्तेफनचं स्मारक होतं. (अंकोनाची कथा गमतीची आहे. स्तेफनला मारलेला एक दगड त्याच्या कोपराला लागून उडाला, तो एका भाविक खलाशाने उचलला आणि त्या गावी ठेवला, असं ऑगस्टीनच सांगतो. लोक समजत की तिथे स्तेफनचं कोपर आहे, कारण ग्रीकमध्ये 'अंकोन' म्हणजे कोपर.) मग आफ्रिकेत उझालिसला गेले. तिथेही काही झालं नाही. एका रात्री पॉलला स्वप्नात पांढऱ्या केसांचा तेजस्वी पुरुष दिसला, त्याने बरं होण्याची मुदत सांगितली. पलादियाला स्वप्नात ऑगस्टीन दिसला, पुढे प्रत्यक्ष दिसला तसाच.

ईस्टरच्या पंधरा दिवस आधी ते हिप्पोत आले. रोज चर्चमध्ये, रोज स्तेफनच्या खोलीत. गावभर त्यांची चर्चा. ज्यांनी त्यांना दुसऱ्या गावी पाहिलं होतं ते बाकीच्यांना कारण सांगत.

रविवार

ईस्टरची सकाळ. चर्चमध्ये गर्दी जमलेली. पॉल स्मारकाचा कठडा धरून प्रार्थना करत होता. एकदम खाली कोसळला आणि झोपल्यासारखा पडून राहिला. पण कापत नव्हता, आणि ऑगस्टीन मुद्दाम नोंदवतो की एरवी ही भावंडं झोपेतही कापत असत. लोक घाबरले. काही रडू लागले, काही त्याला उचलायला धावले, काहींनी अडवलं, थांबा, काय होतं ते बघू. तो उठला. कंप नाही. उभा राहून बघणाऱ्यांकडे बघत राहिला.

चर्च ओरडण्याने भरून गेलं. ऑगस्टीन या वेळी आत बसला होता, बाहेर यायच्या तयारीत. एक माणूस धावत आला आणि बातमी सांगितली. दुसरा आला, तीच बातमी नव्याने सांगितली. मग तिसरा. पहिल्याने सांगून टाकलेलं मागून येणारा प्रत्येक जण ताजी खबर म्हणून सांगत होता, असं तो लिहितो, आणि मला त्याच्या सगळ्या वृत्तांतात हे वाक्य सगळ्यांत खरं वाटतं. लग्नघरी 'वरात आली' सांगायला धावणाऱ्या पोरांची आठवण यावी असं. शेवटी पॉलच लोकांसह आला, गुडघ्यांशी वाकला, ऑगस्टीनने त्याला उठवून चुंबन दिलं.

त्या दिवशी प्रवचन अगदी लहान झालं. ऑगस्टीन म्हणाला, एरवी आपण निवेदनं ऐकतो, आज निवेदन म्हणजे हा माणूसच, कागदाऐवजी त्याचा चेहरा पाहा. आदल्या रात्रीच्या जागरणाने आणि उपवासाने तो स्वतः दमला होता, तेही सांगून टाकलं. पॉलला आपल्याबरोबर जेवायला बसवलं आणि त्याची सगळी कहाणी बारकाईने ऐकून घेतली. सोमवारी लोकांना आश्वासन दिलं की उद्या लेखी निवेदन वाचू.

मंगळवार

पुन्हा त्या पायऱ्यांपाशी. निवेदन वाचून झालं. ऑगस्टीनने दोघांना जायला सांगितलं आणि बोलायला सुरुवात केली. आधी शापाबद्दल. मुलांनी ऐकायला शिकावं, आईबापांनी रागवायला भ्यावं. वडिलांच्या आशीर्वादाने मुलांचं घर उभं राहतं आणि आईच्या शापाने पाया उखडतो, हे वचन त्याने सांगितलं. दोन्ही बाजूंना धरलं त्याने, आईला सोडलं नाही आणि गप्प बसलेल्यांनाही नाही.

मग तो उझालिसच्या स्तेफनकडे वळला, तिथली एक हकीकत सांगू लागला, एका आईची. इथे लघुलेखकाने टिपलेल्या मजकुरात प्रवचन मध्येच तुटतं. स्मारकाच्या बाजूने आरोळ्या ऐकू आल्या : देवाचे आभार! ख्रिस्ताची स्तुती! पलादिया पायऱ्या उतरून थेट कठड्याशी गेली होती. कठड्याला हात लागताच ती भावासारखीच कोसळली, झोपल्यासारखी पडली आणि बरी होऊन उठली. ऑगस्टीन चौकशी करतो तोवर लोक तिला घेऊन आले, भाऊ उभा होता त्याच जागी उभी केली. रडणं आणि ओरडणं थांबेना. तिच्यासाठी करायची प्रार्थना अजून केलीही नव्हती, नुसती इच्छा होती, आणि ती आधीच ऐकली गेली, असं तो लिहितो. प्रवचन तिथेच संपवलं.

मग काय घडलं असेल

साक्षीदार कशाला किती, हे आधी लावून घेऊ. पंधरा दिवस दोघं कापत होती, याला सगळं गाव साक्षी. ईस्टरनंतर कापत नव्हती, यालाही. कोसळणं आणि उठणं कठड्याजवळच्या लोकांनी पाहिलं. ऑगस्टीनने स्वतः दोन्हींपैकी एकही प्रसंग पाहिला नाही, एका वेळी तो आत होता, दुसऱ्या वेळी बोलत होता. आणि शाप, दीर, दहाही भावंडं, जन्माचा क्रम, हे सगळं एकट्या पॉलच्या तोंडचं.

आनुवंशिक आजार म्हणावा, तर आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून उतरणारे असे आजार प्रत्येक मुलाला साधारण निम्म्या शक्यतेने येतात. दहाच्या दहांना येण्याची शक्यता हजारात एक. तीही एका वर्षात, क्रमाने, वेगवेगळ्या वयांच्या भावंडांना? आणि कठडा धरून तो जाणार नाही.

आजचा मेंदूविकारतज्ज्ञ बहुधा वेगळ्या दिशेने विचार करेल. मेंदूत इजा दिसत नाही, पण हालचालींवरचा ताबा सुटतो, असे 'फंक्शनल' म्हटले जाणारे विकार आज दवाखान्यांत नेहमी दिसतात. ते सोंग नसतं, रुग्ण मुद्दाम करत नाही. अशी थरथर एकदम सुरू होऊ शकते, एकदम थांबू शकते, मोठा मानसिक आघात मागे असू शकतो, आणि एकमेकांना बघत जगणाऱ्या माणसांत ती पसरू शकते. आईला मार खाताना पाहून गप्प बसलेली, मग तिचा शाप ऐकलेली, मग तिचं प्रेत पाहिलेली भावंडं यात बसतात. इतकं चपखल बसतं की मी थोडा सावध होतो. कारण ऑगस्टीनने एक तपशील ठेवला आहे तो बसत नाही : ती झोपेतही कापत. बहुतेक कंप, फंक्शनल तर नक्कीच, गाढ झोपेत थांबतात. झोपेत त्यांना कुणी पाहिलं होतं की हेही पॉलनेच सांगितलं? तपशील ऐकीव असेल तर निदान टिकतं. पाहिलेला असेल तर माझं सोपं उत्तर अडतं. दीड हजार वर्षांनंतर कागदावरून निदान करणाऱ्याने एवढी अडचण खिशात ठेवलेली बरी.

फसवणूक? हिंडणारी जोडी, लोकांना खिळवून ठेवणारी कहाणी, दयेवर चालणारं पोट. शक्यता नाकारता येत नाही. पण ऑगस्टीन असल्या लोकांना ओळखून होता, आणि दोघांना बरं करून हाती काय लागलं असतं? कापणाऱ्याला भीक मिळते, बऱ्या झालेल्याला काम शोधावं लागतं.

ऑगस्टीनच्या बाजूनेही काही गोष्टी मोजायला हव्यात. त्याला हे हवं होतं. हिप्पोचं स्मारक नवं होतं, शेजारच्या कालामाचे कागद जास्त होते, आणि 'देवाचे नगर'च्या शेवटी त्याला शरीराच्या पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या शिकलेल्या टीकाकारांना उत्तर द्यायचं होतं. आता चमत्कार का होत नाहीत, हा त्यांचा प्रश्न. तेव्हा शरीर बरं होताना लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहणं त्याच्या उपयोगाचं होतं. पण याच गरजेपोटी त्याने तारीख, जागा, साक्षीदार आणि रुग्णाचे शब्द जपले. म्हणून तर आपण आज त्याच्याशी वाद घालू शकतो. चमत्कार सांगणाऱ्या बहुतेकांनी ही सोय ठेवलेली नाही.

आणि त्याच्या लेखी बरं होणं म्हणजे नेमकं काय, हे बुधवारी कळतं. आदल्या दिवशी अर्धी राहिलेली हकीकत त्याने त्या दिवशी पूर्ण केली, तीही थोडक्यात. उझालिसमधली एक आई. तिचं अंगावर पिणारं बाळ आजारी पडून मेलं. बाप्तिस्मा व्हायचा राहिला होता, आणि त्याशिवाय मेलेल्याला मुक्ती नाही अशी श्रद्धा. ती प्रेत घेऊन स्तेफनच्या स्मारकाकडे धावली आणि संताशी भांडली : माझ्याकडे आता कुठलाच दिलासा उरलेला नाही, माझं बाळ माझ्या आधी पुढे गेलं असंही मी म्हणू शकत नाही. मी कशासाठी रडते ते तुला दिसतंय ना? बाळ हललं, रडलं. तिने लगेच ते धर्मगुरूंकडे नेलं. बाप्तिस्मा झाला, तेल लावलं, डोक्यावर हात ठेवले, सगळे विधी पूर्ण झाले. मग ते पुन्हा मेलं. या वेळी ती त्याला घेऊन निघाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की थडग्याकडे नाही, स्तेफनच्या मांडीवर ठेवायला नेते आहे.